पंधरवड्याची शर्यत आणि २१ दिवसांची नोटीस

भांडवलशाहीच्या प्रत्येक पिढीला स्वतःचे असे एक व्यवस्थापनशास्त्र लागते, आणि ते कामगारांच्याच हिताचे आहे असे पटवून देणारे भाष्यकारही तिला हवे तितके मिळतात. सध्या ही प्रतिष्ठा 'अजाईल' या शब्दाला लाभली आहे. संगणकप्रणाली तयार करणाऱ्या कंपन्यांत वाढलेली ही कार्यपद्धती बँका ओलांडून आता मनुष्यबळ विभागाच्या दारात येऊन उभी आहे. भरती, प्रशिक्षण, कामाचे मूल्यमापन, रजेचे नियम, विभागांची पुनर्रचना ही सारी कामे दोन-दोन आठवड्यांच्या 'स्प्रिंट'मध्ये, म्हणजे छोट्या पल्ल्याच्या शर्यतीत, बसवून उरकावीत असा तिचा आग्रह आहे. 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'ने मार्च-एप्रिल २०१८ च्या अंकात पीटर कॅपेली व अ‍ॅना टॅव्हिस यांचा लेख छापून मनुष्यबळ विभाग अजाईल होत चालल्याची द्वाही फिरवली. तेव्हापासून सल्लागार कंपन्यांना आणि प्रमाणपत्रे विकणाऱ्या संस्थांना सुगीचे दिवस आले आहेत. हिंजवडीतील वा ऐरोलीतील काचेच्या इमारतींत राबणाऱ्या तरुण-तरुणींना हे शब्द पाठ असतात. त्यांच्यात काम करू पाहणाऱ्या कार्यकर्त्याला मात्र ते परके वाटतात, आणि परके वाटतात म्हणून तो त्यांच्याकडे दुर्लक्ष करतो. हे दुर्लक्ष महागात पडणारे आहे.

पद्धतीचे स्वरूप थोडक्यात असे. करावयाच्या कामांची एक यादी असते. तीतील कोणते काम आधी व कोणते मागाहून हे ठरविण्याचा अधिकार एका व्यक्तीकडे असतो. तिला 'प्रॉडक्ट ओनर' म्हणतात. मराठीत या पदाचे भाषांतर 'उत्पादनाचा मालक' असेच करावे लागेल, आणि गिरणगावातील कोणत्याही वृद्ध कामगाराला त्याचा अर्थ समजावून द्यावा लागणार नाही. यादीतील काही कामे उचलून ती ठरलेल्या मुदतीत, बहुधा दोन आठवड्यांत, पुरी करावयाची. रोज पंधरा मिनिटांची बैठक, तीही उभ्यानेच. मुदतीअखेर झालेल्या कामाचे प्रदर्शन आणि मग 'काय चांगले झाले, काय बिघडले' याची उजळणी. ती आटोपली की दुसऱ्या दिवशी पुढची शर्यत सुरू.

या पद्धतीच्या उगमाविषयी अन्याय करण्याचे कारण नाही. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यातील स्नोबर्ड येथे १७ प्रोग्रॅमर व सल्लागार जमले आणि त्यांनी एक जाहीरनामा काढला. साधनांपेक्षा व कार्यपद्धतींपेक्षा माणसांना आणि त्यांच्या परस्परसंवादाला अधिक मोल द्यावे, असे त्याचे पहिले सूत्र होते. त्याला जोडलेल्या बारा तत्त्वांत दोन गोष्टी स्पष्टपणे सांगितल्या आहेत : कामाचा वेग असा असावा की तो अनिश्चित काळ टिकवता यावा, आणि चमूने आपले काम आपणच आखावे. वर्षानुवर्षे चालणाऱ्या, कागदांच्या ढिगाखाली दबलेल्या प्रकल्पांना कंटाळलेल्या तंत्रज्ञांचे ते बंड होते. 'जाहीरनामा' हा शब्द श्रमिक चळवळीकडून उसना घेतल्याबद्दलही त्यांच्यावर रागावण्याचे कारण नाही. बंडखोरांची भाषा उचलून बंडाचा आशय वजा करण्याचे काम पुढे व्यवस्थापनाने केले. टिकाऊ वेगाची गोष्ट सांगणाऱ्या पद्धतीतील मुदतीला 'शर्यत' हे नाव पडावे, यातच बरेच काही आले.

संगणकप्रणालीच्या कामात लहान मुदतीला अर्थ आहे. प्रणालीत दोष निघाला तर आधीची आवृत्ती परत बसवता येते. कालची चूक उद्या पुसून टाकता येते, आणि पुसल्यावर तिची खूण राहत नाही. प्रयोग निर्जीव वस्तूवर चाललेला असतो, म्हणून तो स्वस्त असतो. मनुष्यबळ विभागाचे 'उत्पादन' कोणते? कामगाराची रजा, त्याची पाळी, त्याची श्रेणी, वेतनवाढ, बढती, आणि शेवटी त्याची नोकरी. समजा, एखाद्या कंपनीने मूल्यमापनाची नवी रीत एका विभागात दोन आठवडे करून पाहिली, ती फसली, आणि तिसऱ्या पंधरवड्यात ती मागे घेतली. विभागाच्या फलकावर या घटनेची नोंद 'शिकलो' अशी होईल. पण त्या दोन आठवड्यांत ज्याची श्रेणी घसरली त्याच्या वेतनवाढीचे काय? पाळी बदलल्यामुळे जिने पाळणाघर बदलले तिला त्या प्रयोगाची किंमत कोण परत देणार? प्रयोग करणारा एक आणि प्रयोगाचा भुर्दंड सोसणारा दुसरा, अशी ही वाटणी आहे. प्रयोगशाळेतील उंदराला निदान अजाईल संघाचा सभासद म्हणून टाळ्या वाजवाव्या लागत नाहीत.

हा केवळ तर्क नाही. या पद्धतीच्या प्रवर्तकांचे लाडके उदाहरण नेदरलँड्समधील आय.एन.जी. या बँकेचे आहे. २०१५ साली या बँकेने आपल्या मुख्यालयाची पुनर्रचना अजाईल तत्त्वावर केली. तेथे सुमारे ३,५०० कर्मचारी होते. जुने विभाग मोडून नऊ-नऊ जणांची पथके करण्यात आली आणि पथकांच्या समूहांना 'टोळ्या' असे नाव देण्यात आले. ही पथके बनली कशी, याची हकीकत बँकेच्या एका तत्कालीन वरिष्ठ अधिकाऱ्याने मॅकिन्सी या सल्लागार कंपनीच्या नियतकालिकाला २०१७ मध्ये मोकळेपणाने सांगितली. मुख्यालयातील सर्वांना, ते एका अर्थाने बिनजागेचे झाले आहेत, असे जाहीर करण्यात आले आणि नव्या रचनेतील जागांसाठी प्रत्येकाला नव्याने अर्ज करावयास लावले. निवड करताना ज्ञान व अनुभव यांच्यापेक्षा 'मनोवृत्ती'ला अधिक वजन देण्यात आले. निवडलेल्यांपैकी जवळजवळ ४० टक्के लोक पूर्वीपेक्षा वेगळ्या कामावर गेले, आणि ज्ञान असूनही योग्य मनोवृत्ती नसलेले बरेच लोक बँकेला गमवावे लागले.

'मनोवृत्ती' हा शब्द कार्यकर्त्यांनी नीट पारखून घ्यावा. कौशल्याची परीक्षा घेता येते, सेवाज्येष्ठता मस्टरवर मोजता येते, आणि दोन्हींबाबत अन्याय झाला तर लवादापुढे पुरावा मांडता येतो. मनोवृत्ती मोजण्याचे माप मालकाच्या खिशात असते. वीस वर्षे काम केलेल्या माणसाला 'तुमचे ज्ञान उत्तम आहे, पण तुमच्यात चपळता नाही' असे सांगितले, तर त्याने कोणत्या कायद्याखाली दाद मागावी? जुन्या गिरणीतील मुकादम निदान कारण सांगण्याच्या भानगडीत पडत नसे.

तरीही नेदरलँड्समध्ये कामगारांच्या हाती काही साधने आहेत. तेथील कायद्याप्रमाणे ५० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत कर्मचाऱ्यांनी निवडलेली परिषद असावीच लागते. मोठ्या पुनर्रचनेपूर्वी तिचा सल्ला घ्यावा लागतो आणि सल्ला डावलला तर अंमलबजावणी एक महिना थांबवावी लागते. कामाचे तास, रजा, वेतनपद्धती, मूल्यमापन यांचे नियम बदलावयाचे तर परिषदेची संमतीच लागते. जर्मनीत तर कामगारांच्या वागणुकीवर वा कामगिरीवर नजर ठेवू शकणारे तांत्रिक साधन बसवण्याबाबतही कामगार-परिषदेला सहनिर्णयाचा हक्क आहे. ही साधने पुरेशी आहेत असा दावा कोणी करणार नाही, आय.एन.जी.चे उदाहरण समोरच आहे. पण भारतात ही पद्धत आणणाऱ्यांनी फलक आणले, रंगीत चिठ्ठ्या आणल्या, प्रमाणपत्रे आणली, आणि कामगार-परिषद तेवढी बंदरातच सोडून दिली. परदेशातील उत्तम प्रथांचा इतका सोस असलेल्या मंडळींना नेमकी हीच प्रथा कशी दिसली नाही, याचे आश्चर्य करीत बसण्यात अर्थ नाही.

भारतीय कामगाराच्या हाती मग काय आहे? एक जुनी, ओबडधोबड, पण मोलाची तरतूद आहे, आणि स्प्रिंटच्या वादात तीच मध्यवर्ती आहे. औद्योगिक विवाद कायद्यात १९५६ च्या दुरुस्तीने कलम ९-अ घालण्यात आले. सेवाशर्तींत बदल करावयाचा असेल तर मालकाने बाधित कामगारांना नोटीस द्यावी आणि नोटिशीपासून २१ दिवस तो बदल अमलात आणू नये, असे ते कलम होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि जुना कायदा गेला. श्रमसंहितांनी कामगारांचे पुष्कळ काही हिरावून घेतले आहे. परंतु औद्योगिक संबंध संहितेच्या कलम ४० मध्ये ही २१ दिवसांची नोटीस शिल्लक आहे. वेतन व ते देण्याची पद्धत, भत्ते, कामाचे व विश्रांतीचे तास, रजा व सुट्ट्या, श्रेणीनुसार वर्गीकरण, रूढीने मिळत आलेल्या सवलती, शिस्तीचे नवे नियम, कामगारकपातीस कारण होऊ शकणाऱ्या तांत्रिक सुधारणा असे विषय तिच्या तिसऱ्या अनुसूचीत आहेत.

ही यादी आणि मनुष्यबळ विभागाच्या फलकावरील यादी शेजारी शेजारी ठेवून वाचावी. दोन्हींत बरेचसे विषय तेच आहेत. फरक मुदतीत आहे. कायदा म्हणतो, बदलापूर्वी २१ दिवस थांबा. फलक म्हणतो, १४ दिवसांत बदल करून दाखवा. कायद्याने दिलेले २१ दिवस हा कारकुनी विलंब नाही. एवढ्या अवधीत बातमी एका पाळीकडून दुसऱ्या पाळीकडे जाते, चार माणसे चहाच्या टपरीवर बसून हिशेब मांडतात, सभा भरते, वकिलाला विचारले जाते, समझोता अधिकाऱ्याकडे अर्ज जातो. एकटा कामगार २१ दिवसांत संघटित होऊ शकतो. पंधरवड्याची शर्यत नेमका हाच काळ खाऊन टाकते. पहिल्या बदलाला हरकत घेण्यासाठी कामगार जमेपर्यंत दुसरा बदल आलेला असतो आणि पहिल्याविषयी 'तो तर प्रयोग होता' असे उत्तर तयार असते. नियम कधी पक्का होतच नाही, त्यामुळे तो मोडल्याची तक्रारही करता येत नाही. सामुदायिक वाटाघाटी लिखित, दिनांकित, दोन्ही पक्षांना ठाऊक असलेल्या शर्तींवर उभ्या असतात. प्रत्येक शर्त कायमची तात्पुरती करून टाकली की वाटाघाटींना जमीनच उरत नाही.

यावर एक उत्तर ठरलेले आहे : संगणक अभियंते मुळी 'कामगार'च नव्हेत. संहितेतील व्याख्येत कौशल्याच्या व तांत्रिक कामाचा स्पष्ट उल्लेख आहे. वगळले आहेत ते प्रामुख्याने व्यवस्थापकीय व प्रशासकीय कामे करणारे, आणि पर्यवेक्षकांपैकी महिना १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारे. ज्याच्या हाताखाली कोणीही नाही अशा तरुणाच्या गळ्यात 'लीड' किंवा 'मॅनेजर' अशी पाटी अडकवून त्याला कायद्याबाहेर ढकलण्याची युक्ती या उद्योगात सर्रास चालते. पाटीवर काय लिहिले आहे याला महत्त्व नसून प्रत्यक्षात काम कोणते केले जाते ते पाहावे, ही न्यायालयांची भूमिका जुनी आहे. शिवाय स्थायी आदेशांची मर्यादा मूळच्या १०० कामगारांवरून संहितेने ३०० वर नेली आहे, आणि कर्नाटकाने तर माहिती-तंत्रज्ञान उद्योगाला स्थायी आदेशांच्या कायद्यातून वर्षानुवर्षे सूट दिली. चपळतेची वाट अशी आधीच झाडून ठेवलेली आहे.

मुंबईच्या कामगारांना यातले बरेच काही ओळखीचे वाटेल. १९२८ च्या प्रारंभी ससून गटाच्या गिरण्यांत 'कार्यक्षमते'ची नवी पद्धत आली : विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत, साचेवाल्याने एका बाजूऐवजी दोन बाजू पाहाव्यात. तिचेही समर्थन आधुनिकतेच्या नावानेच होत होते. जपानची स्पर्धा होती, लँकेशायरचे दाखले होते, आकडे होते. उत्तर म्हणून एप्रिल ते ऑक्टोबर असा सहा महिने सार्वत्रिक संप झाला आणि सुमारे दीड लाख कामगार त्यात उतरले. ना. म. जोशींसारखे नेमस्त आणि लाल बावट्याचे पुढारी एका संयुक्त संपसमितीत बसले. फॉसेट समितीपुढे वेतनाच्या प्रमाणीकरणाबरोबरच गिरण्यांच्या स्थायी नियमांचा प्रश्न आला, तो या लढ्यामुळे. नियम लिहिलेले असावेत आणि मालकाच्या लहरीप्रमाणे ते बदलू नयेत, ही मागणी अशी रस्त्यावर मिळवलेली आहे. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्यामागे आणि त्याच वर्षीच्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यातील बदलाच्या नोटिशीमागे ती पुण्याई आहे. आज 'नियमपुस्तिका कालबाह्य झाली' असे हसत हसत सांगणाऱ्या अधिकाऱ्याला हा इतिहास ठाऊक नसेल. कामगाराला तो ठाऊक नसणे परवडणारे नाही.

अजाईलवाल्यांचा एक दावा असा की, या पद्धतीत कर्मचाऱ्याचा आवाज अधिक ऐकला जातो : दर पंधरवड्याला उजळणीची बैठक, दर महिन्याला मनःस्थितीची पाहणी. आवाज ऐकणे आणि मागणी मान्य करणे यांत अंतर आहे. उजळणीच्या बैठकीत प्रत्येकाने आपली एकट्याची भावना रंगीत चिठ्ठीवर लिहून फळ्यावर चिकटवावयाची असते. चिठ्ठीला तारीख नसते, आवक क्रमांक नसतो, उत्तर देण्याचे बंधन कोणावरही नसते. संहितेप्रमाणे २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असलीच पाहिजे आणि तीत मालक व कामगार यांचे प्रतिनिधी समसमान असले पाहिजेत. ज्या कंपन्यांत उजळणीच्या बैठका न चुकता भरतात, त्यांपैकी किती कंपन्यांत ही समिती भरते, हे तेथील सहानुभूतीदारांनी चौकशी करून पाहावे.

प्रतिपक्षाच्या बाजूने म्हणण्यासारखे काहीच नाही असे नाही. मनुष्यबळ विभागांची दिरंगाई ही कामगारांच्याच डोक्यावरची धोंड आहे. नव्या माणसाचे ओळखपत्र, भविष्यनिर्वाह निधीचे खाते बदलून घेणे, नोकरी सोडलेल्याचा अखेरचा हिशेब या कामांत माणसाचे महिनेच्या महिने जातात. असली साचलेली कामे पंधरा दिवसांची मुदत घालून कोणी निकालात काढीत असेल, तर त्याला विरोध करणारा कार्यकर्ता वेडाच म्हणावा लागेल. पण तेथे शर्यत लावलेली सहसा दिसत नाही. इंग्रजीत या साचलेल्या कामांच्या यादीला जो शब्द आहे, त्याला मराठीत 'अनुशेष' म्हणतात, आणि महाराष्ट्रात अनुशेष म्हटले की माणसाला दांडेकर समितीचा १९८४ चा अहवाल आठवतो, विदर्भ-मराठवाड्याचे सिंचन आठवते, राखीव जागांची न झालेली भरती आठवते. मागासवर्गीयांच्या रिक्त जागांचा अनुशेष दोन आठवड्यांच्या शर्यतीत भरून काढण्याची चपळता दाखवणारा विभाग सरकारी असो वा खासगी, सत्काराला पात्र ठरेल. वेग कोठे लावावयाचा आणि कोठे नाही, हे 'उत्पादनाचा मालक' ठरवतो. मूळ आक्षेप तेथेच आहे.

आणखी एक वर्ग या चर्चेत विसरला जातो : मनुष्यबळ विभागातील कनिष्ठ कर्मचारी. १९४८ च्या कारखाना कायद्याने ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमण्याचे बंधन घातले होते. त्या कल्याण अधिकाऱ्याचा पुढे कार्मिक अधिकारी झाला आणि कार्मिक अधिकाऱ्याचा 'एचआर'. नावे बदलत गेली तशी 'कल्याण' ही जबाबदारी मागे पडत गेली. आज या विभागातील तरुण मुलगी भरतीच्या अर्जांचे गुण मोजते, आणि तिच्या कामाचे गुण फलक मोजतो. तिनेच उद्या कपातीची यादी 'स्प्रिंट'मध्ये बसवून पुरी करावयाची, आणि परवा त्या यादीत तिचेच नाव असावयाचे. तिला शत्रू समजून तिच्याशी अबोला धरणे ही कामगार संघटनांची जुनी सवय आहे, आणि ती चुकीची आहे. फलकावर काय लिहिले आहे हे सर्वांत आधी तिलाच कळते.

या क्षेत्रात काम करणाऱ्या साथींनी तूर्त चार-दोन गोष्टी हाती घ्याव्यात. तिसऱ्या अनुसूचीतील विषयाला हात लावणारा प्रत्येक 'प्रयोग', मग तो एका चमूपुरता असो वा एका पंधरवड्यापुरता, हा सेवाशर्तींतील बदलच आहे असे लेखी कळवून २१ दिवसांची नोटीस मागावी. कामांची यादी ठरवणाऱ्या बैठकीत कामगारांनी निवडलेले प्रतिनिधी हवेत. व्यवस्थापनाने उचललेले 'बदलाचे दूत' चालणार नाहीत. शर्यतीतील गुणांचे आकडे व्यक्तीच्या मूल्यमापनास वा कपातीस वापरणार नाही, असा लेखी करार हवा. तक्रार निवारण समिती नसेल तर ती स्थापन करण्याची मागणी कामगार आयुक्तांच्या कार्यालयात नोंदवावी आणि पोच घ्यावी. यांपैकी पहिल्या कामाला सभासदसंख्या लागत नाही, मान्यता लागत नाही, निधीही लागत नाही. कलम ४० चा मराठी गोषवारा, तिसरी अनुसूची आणि एक कोरा अर्ज एवढे एका पानावर मावते. ते पान पुढच्या स्प्रिंटच्या पहिल्या दिवसापूर्वी कंपनीच्या बसथांब्यांवर पोहोचले पाहिजे.